काही लागलं तर सांगा

ग्लेनिस हॅक्स्बी गेली तेव्हा तिच्या नवऱ्याच्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता लोक भेटायला येणार आणि बोलणार. रडू नंतर आलं.

यात निर्दयपणा नव्हता, धंद्याची सवय होती. लेनर्ड हॅक्स्बीने सेल्बी गावच्या साप्ताहिकात उपसंपादक म्हणून हयात काढली होती. उपसंपादक म्हणजे दुसऱ्यांच्या वाक्यांवर काट मारून पोट भरणारा माणूस. निवृत्तीनंतर काट मारायला काही उरलं नाही म्हणून त्याने एक सदर मागून घेतलं, 'झिजलेली नाणी' नावाचं. लोकांच्या तोंडात बसलेली आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात जाणारी वाक्यं तो तिथे एकेक करून सोलायचा. 'खरं सांगू का'. म्हणजे आतापर्यंत काय सांगत होतात? 'तसं बघायला गेलं तर'. कुणी बोलावलंय बघायला? वाचक आपापली नावडती पालुपदं कळवायचे, आणि कळवतानाच ती दोन-तीनदा वापरायचे. दर नाताळात मतदान व्हायचं आणि सर्वांत नकोशा ठरलेल्या वाक्याची निधनवार्ता काळ्या चौकटीत छापली जायची: 'दीर्घ आणि इतरांना थकवणाऱ्या आयुष्यानंतर...' गावाला ही गंमत फार आवडायची. दुसऱ्या दिवशी तेच वाक्य बाजारात ठणठणीत हिंडताना भेटायचं.

सदरातलं हक्काचं गिऱ्हाईक म्हणजे 'शेजारच्या बाई'. बाईंचं नाव लेनर्डने कधीही छापलं नाही, तेवढी सभ्यता त्याच्यात होती. पण त्याचं घर जोडघर होतं. एका भिंतीच्या अलीकडे हॅक्स्बी, पलीकडे आउथवेट, आणि दुसऱ्या बाजूला रेल्वेचं कुंपण. तेव्हा नाव छापायची तशी गरजही नव्हती.

बेरिल आउथवेटच्या प्रत्येक वाक्याला शेपूट असायचं. "पाऊस थांबला, शेवटी काय." "बसच आली नाही, शेवटी काय." "नव्या पाद्रीबुवांना पाठदुखी आहे म्हणे, शेवटी काय." शेवटी काय ते तिने कधीच सांगितलं नाही. ग्लेनिस तिची नक्कल हुबेहूब करायची. चहाच्या किटलीवरची लोकरीची टोपी स्वतःच्या डोक्यावर चढवायची, हनुवटी आत घ्यायची, आणि "माणूस जन्माला येतो, शेवटी काय" म्हणत स्वयंपाकघरभर फिरायची. लेनर्ड हसून हसून खुर्चीतून घसरायचा. तसं पाहिलं तर त्यांच्या संसारातले बरेचसे आनंदाचे क्षण बेरिलच्या जिवावर गेले होते.

अंत्यविधीनंतरचा चहा चर्चच्या हॉलमध्ये होता. हॅमची सँडविचं, सॉसेज रोल, मोठ्या पिंपातला कडू चहा. लेनर्ड दाराजवळ उभा राहिला आणि लोक रांगेने येऊन त्याच्या दंडाला हात लावून गेले.

"सुटली बिचारी," जेफ्री टिंडलची बायको म्हणाली, जणू ग्लेनिस भिंतीवरून उडी मारून पळाली होती.

"तिला हे सगळं आवडलं असतं," गायनमंडळाच्या हिलरी सग्डन सँडविचांकडे बघत म्हणाल्या. ग्लेनिसला हॅमचा वासही सहन व्हायचा नाही.

"काळासारखं औषध नाही, मिस्टर हॅक्स्बी." हे कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने सांगितलं. त्याला तरी असं म्हणून परवडायला नको होतं.

एरवी लेनर्डने मनातल्या मनात यांवर लाल रेघा ओढल्या असत्या. त्या दिवशी हात उचलत नव्हता. आणि एक वाक्य तर सगळ्यांचं सारखंच होतं. शेवटचा घोट संपवून, कोट घ्यायला वळता वळता प्रत्येक जण ते म्हणत होता.

"काही लागलं तर सांगा."

जेफ्रीने तर दोन्ही हातांनी त्याचा हात धरला. कचेरीत दोघांची टेबलं समोरासमोर होती. "काही म्हणजे काहीही, लेन. बिनधास्त फोन उचल. ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

"नाहीतर तू लेका सांगायचा नाहीस. मी ओळखतो तुला."

बेरिल आउथवेट सगळ्यांच्या मागून आली. गडद निळा कोट, काखेत पर्स. "काही लागलं तर सांगा," ती म्हणाली. लेनर्ड शेपटाची वाट पाहत थांबला. शेपूट आलं नाही. ती गेली.

हे फेब्रुवारीत झालं. एप्रिल संपता संपता लेनर्डला खरोखरच काहीतरी लागलं.

त्याला उजव्या बाजूचा हर्निया होता. ग्लेनिस आजारी असताना त्याने ऑपरेशन पुढे ढकललं, मग पुन्हा ढकललं. आता दुखणं एवढं वाढलं होतं की बूट घालायला त्याला पलंगावर आडवं व्हावं लागे. "आणखी ढकललंत तर एक दिवस अ‍ॅम्ब्युलन्समधून याल," डॉक्टर म्हणाले, "आणि तेव्हा मला हसायला येणार नाही." तारीख मिळाली. आदल्या आठवड्यात हॉस्पिटलमधून एका नर्सचा फोन आला. आवाजावरून ती प्रत्येकालाच 'राजा' म्हणत असावी.

"सकाळी यायचं आणि दुपारी घरी जायचं, काही अवघड नाही. घरी कोण असतं, राजा?"

"मी."

"तुमच्याशिवाय?"

लेनर्डने खोलीत नजर फिरवली, जणू कोणी राहून गेलं असेल. "सध्या कोणी नाही."

"मग कोणीतरी लागेल. मोठं माणूस. न्यायला यायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत सोबत राहायचं. भूल दिल्यावर एकटं सोडत नाही आम्ही."

"टॅक्सी केली तर?"

"टॅक्सीवाला रात्रभर राहणार आहे का?"

"विचारून बघतो."

नर्स हसली, पण नियमाला हसू आलं नाही. माणूस नसेल तर ऑपरेशन नाही, आणि ऑपरेशन नाही तर नाव पुन्हा रांगेच्या शेपटाला. रांग वर्षाच्या आसपासची होती. "अहो, एक माणूस हो," ती म्हणाली. "तुमच्या ओळखीचं असेलच की कोणीतरी."

ओळखीचे पुष्कळ होते. हॉल भरला होता फेब्रुवारीत.

त्याने आधी मुलाला फोन केला. त्याच्याकडून अपेक्षा नव्हती, पण कळवायला हवं होतं. एड्रियन ऑस्ट्रेलियात पर्थला होता आणि पडद्यावर अर्धाच दिसत होता.

"डॅड, मी मनाने तिथेच आहे, हे तुम्हाला माहितीये."

"हो, पण त्यांना माणूस शरीराने हवाय."

"डॅड."

"गंमत केली रे."

मग जेफ्री. जेफ्रीला आनंद झाला. "फोन केलास, फार बरं केलंस! मी हिला म्हणतच होतो, लेनचा फोन नाही." लेनर्डने काम सांगितलं. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. दार आपल्याच बोटावर मिटल्यावर पसरते तशी.

"खरं सांगू का, लेन..."

लेनर्डने डोळे मिटले.

"...एरवी मी धावत आलो असतो. तुला माहितीये. पण त्या बुधवारी कुत्र्याचे दात काढायचेत. आणि रात्रभर म्हणजे... हिला एकटीला झोप लागत नाही. तसं बघायला गेलं तर तुला नात्यातलंच कोणी हवं ना अशा वेळी? परका माणूस काय कामाचा?"

"बरोबर आहे."

"पण दुसरं काही लागलं ना, काही म्हणजे काहीही..."

"सांगतो."

हिलरी सग्डन यांनी ताबडतोब गायनमंडळाच्या मोबाइलवरच्या गटात निरोप टाकला आणि त्याची प्रत लेनर्डला पाठवली. संध्याकाळपर्यंत त्याखाली लाल हृदयं पडत राहिली. कोणी जोडलेले हात पाठवले, कोणी फुलं, कोणी रडणारा चेहरा, कोणी चुकून केक. यायला कोणी तयार झालं नाही. प्रत्येकीला दुसऱ्या कोणाचा तरी होकार आधीच आला असेल असं वाटलं असावं, आणि हृदयं बघता तसं वाटणं चूकही नव्हतं. पाद्रीबुवा पोर्तुगालला गेले होते. त्यांनी तिथून प्रार्थना करतो म्हणून कळवलं. औषधवाल्याला लेनर्डने विचारलंच नाही. त्याने आपलं औषध आधीच सांगून ठेवलं होतं.

या सगळ्यांचा लेनर्डला राग आला नाही. उलट त्याला शरम वाटली. गावातल्या कुठल्याही शेंबड्या पोराला कळतं की 'काही लागलं तर सांगा' हे काही मागण्यासाठी दिलेलं वाक्य नव्हे, ते निघण्याचं वाक्य आहे. कोट अंगावर चढवताना हात भरलेले असतात, तेव्हा दार लोटायला ते वापरतात. इतकी वर्षं लोकांना वाक्यांचे अर्थ शिकवणाऱ्या माणसाने ते शब्दशः धरून दारोदार फिरावं, याच्यावर एक उत्तम सदर झालं असतं. पण साप्ताहिकाने सदर गेल्याच वर्षी बंद केलं होतं. त्या जागी आता कोड्यांचं पान यायचं.

सोमवारी त्याने नर्सला फोन करून रद्द करायचं ठरवलं. आकडे फिरवायला फोन उचलला, आणि वाकताना जी कळ आली ती ओसरेपर्यंत त्याला टेबल धरून उभं राहावं लागलं. कळ गेल्यावर त्याने फोन खाली ठेवला, कंगवा फिरवला, आणि शेजारचं दार वाजवलं.

बेरिलने दार अर्धवट उघडलं. त्याने जे काय ते सांगितलं, आणि सांगताना स्वतःच्या चपलांकडे पाहिलं.

"बुधवारी किती वाजता?"

"सातला निघावं लागेल. पण तुम्हाला जमत नसेल तर..."

"म्हणाले होते ना मी, काही लागलं तर सांगा म्हणून."

"हो, पण ते तर सगळेच..."

"मी सगळे नाही," बेरिल म्हणाली. "सातला गाडी काढते."

ऑपरेशन ठीक झालं. लेनर्ड शुद्धीवर आल्यावर सर्जनने येऊन सांगितलं की डावी बाजूही काही फारशी चांगली नाही, तीही ऑक्टोबरच्या सुमारास उरकून टाकू. त्याच्या आवाजात वर्षातून दोनदा कुंपण छाटणाऱ्याची प्रसन्नता होती. दुपारी बेरिलने लेनर्डला आपल्या छोट्या गाडीत घातलं, घरी आणलं, कोचावर निजवलं, आणि गाडीतून आपलं सामान आणलं. थर्मास, विणकाम, उशी, घरात घालायच्या सपाता. ग्लेनिसच्या खुर्चीकडे तिने पाहिलं आणि जेवणाच्या टेबलापासून एक कडक खुर्ची ओढून घेतली.

"गोळी घ्या."

त्याने घेतली.

"पाय वर."

त्याने पाय वर घेतले.

लेनर्डने दात आवळून तयारी केली होती. चोवीस तास. शेपटावर शेपूट. आपण भूल न उतरलेल्या माणसासारखं झोपेचं सोंग घ्यायचं असा त्याचा बेत होता. पण सोंगाची वेळच आली नाही. बेरिल बोलत नव्हती. सुया चालत होत्या. "सूप आहे," ती चार वाजता म्हणाली. "मीठ कमी आहे," तो म्हणाला. तिने मीठ आणून दिलं.

तासाभराने त्याला बरं वाटलं, दोन तासांनी विचित्र वाटू लागलं, आणि सहाच्या बातम्यांपर्यंत सहन होईना. शांतता त्या घरात फेब्रुवारीपासून मुबलक होती. आणखी आणायला बाहेरून माणूस बोलवायची काही गरज नव्हती.

"पाऊस थांबला वाटतं," लेनर्डने गळ टाकला.

बेरिलने खिडकीकडे पाहिलं. "थांबला."

त्याने वाट पाहिली. पुढे काहीच आलं नाही.

"बटाटे महाग झालेत म्हणे."

"झालेत."

"त्या नव्या पुलाचं काम पुन्हा थांबलंय."

"हो."

वाक्य हवेत लटकून राहिलं. त्याची टोकं उघडी पडली होती, आणि खोलीत दुसरं कोणी ती झाकायला तयार नव्हतं. लेनर्डच्या तोंडून आपोआप निघून गेलं, "शेवटी काय."

सुया थांबल्या. बेरिलने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"नक्कल नाही केली," तो घाईने म्हणाला. "आपलं आलं तोंडात."

"येतं."

"मिसेस आउथवेट, तुम्ही बोलत का नाही?"

"बोलतेय की."

"म्हणजे, पूर्वीसारखं."

"पूर्वीसारखं बोललं की शुक्रवारी छापून येतं."

"अहो, सदर बंद झालं."

"माहितीये. दर शुक्रवारी घ्यायचे मी अंक. पण तोंडाला लागलेली सवय सुटायला वर्षं लागतात. एकदा सुटली की परत लावून घ्यायची म्हणजे पुन्हा वर्षं. माझ्याकडे आता तेवढी नाहीत."

लेनर्डने पांघरूण नीट केलं. ते नीटच होतं. "ते गमतीने असायचं हो."

"गंमतच होती. खाटकाच्या दुकानात लोक मोठ्याने वाचायचे माझ्यासमोर. आमचा सिड तर काय हसायचा! म्हणायचा, बेरिल, तू गाजलीस बघ. घरी आला की मुद्दाम माझ्यासारखंच बोलायचा. मला राग नाही यायचा." तिने लोकरीचा एक फेरा मोजून घेतला. "मग सिड गेला. आणि सदर चालू राहिलं."

टीव्हीवर हवामान सुरू झालं. नकाशावर यॉर्कशरच्या डोक्यावर एक ढग येऊन बसला.

"सिडच्या वेळी तुम्ही दोघं आला होतात," बेरिल म्हणाली. "ग्लेनिसने सुकामेव्याचा केक आणला होता. जाताना दारात तुम्ही म्हणालात, काही लागलं तर सांगा."

"म्हणालो असेन."

"म्हणालात. मी आले होते सांगायला."

"कधी?"

"पुढच्याच आठवड्यात. इथे, तुमच्या मागच्या दाराशी. जिन्यावरचा दिवा गेला होता. सिड उंच, त्याला नुसता हात वर केला की पोचायचं. मला शिडीवर चक्कर येते. म्हटलं, एवढंसंच तर काम आहे, मिस्टर हॅक्स्बींना दोन मिनिटं लागतील. हातात नवा बल्बही घेऊन आले होते. दार वाजवणार, तर आतून माझाच आवाज आला."

लेनर्डने टीव्हीचा आवाज कमी केला.

"आधी वाटलं, माझं डोकं फिरलं. नवरा गेल्यावर बायकांचं फिरतं म्हणतात. मग कळलं, ग्लेनिस आहे. फार छान करायची ती. 'नवरा गेला, शेवटी काय.'" बेरिलने हे कसलाही आवाज न काढता, बाजाराची यादी वाचावी तसं म्हटलं. "तुम्ही हसत होतात. खुर्ची सरकल्याचाही आवाज आला."

"मग?"

"मग काय, घरी गेले."

"आणि दिवा?"

"नाही बदलला. जिना पाठ झाला."

लेनर्डला ती संध्याकाळ आठवेना, आणि हेच त्याला फार वाईट वाटलं. आठवली असती तर निदान तिच्यावर बोट ठेवून माफी मागता आली असती. पण तशा संध्याकाळी इतक्या झाल्या होत्या, आणि आता ग्लेनिस नसल्यामुळे त्याच त्याने जपून ठेवल्या होत्या. टोपी, हनुवटी, खुर्ची. रोज त्यातली एखादी काढून तो दिवस ढकलत होता. आता त्या प्रत्येकीत मागच्या दाराबाहेर एक बाई बल्ब घेऊन उभी राहणार होती.

"मला माफ करा," तो म्हणाला. "मनापासून." आणि 'मनापासून' हा शब्द त्याने स्वतःच एका नाताळात पुरला होता हे त्याच्या लक्षात आलं.

"हं," बेरिल म्हणाली. "माफी छापली असतीत तर वाचली असती मी. बाकीचं सगळं वाचलं होतं."

तिने उठून पडदे ओढले, सुपाचा वाडगा धुऊन जाळीत उपडा घातला, आणि पाण्याचा पेला त्याच्या हाताशी आणून ठेवला. प्रत्येक काम पुरेसं आणि नेमकं. लेनर्ड तिच्याकडे बघत पडून राहिला. त्याच्या पोटाखाली टाके ओढत होते. डावी बाजू तिची पाळी येईपर्यंत गप्प होती. ऑक्टोबर. पुन्हा ती नर्स, पुन्हा 'घरी कोण असतं, राजा?' पुन्हा एड्रियनचा अर्धा चेहरा, जेफ्रीचं कुत्रं, हृदयांचा पाऊस. हे विचारायची ही वेळ नव्हे हे त्याला कळत होतं. पण दुसरी वेळ कुठली मिळणार होती?

"मिसेस आउथवेट."

"काय?"

"डॉक्टर म्हणतात, दुसऱ्या बाजूचंही करायचंय. ऑक्टोबरात." स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत होता आणि थांबवता येत नव्हता. "तुम्हाला त्रास द्यायची माझी खरं तर मुळीच इच्छा नाही, पण तसं बघायला गेलं तर... म्हणजे, आज जे काही झालं, ते बाजूला ठेवून... शेजारधर्म म्हणून का होईना... तुम्ही याल का?"

"नाही," बेरिल म्हणाली.

लेनर्ड थांबला. माणसाचं वाक्य इथे संपत नसतं. पुढे कुत्रं असतं, पाठदुखी असते, 'एरवी धावत आले असते' असतं. तो वाट बघत राहिला, जेफ्री क्षणभर गप्प झाला होता तेव्हा बघितली होती तशी. काही आलं नाही. बेरिलचा चेहरा रागावलेला नव्हता आणि तिला वाईटही वाटत नव्हतं. फेब्रुवारीपासून त्याच्याशी कोणी इतकं स्वच्छ बोललं नव्हतं. त्या एका शब्दावर रेघ मारायला आयुष्यभराच्या उपसंपादकाला कुठे जागा सापडली नाही.

"बरं," तो म्हणाला.

सकाळ व्हायला अजून पुष्कळ वेळ होता आणि ठरलेल्या वेळेआधी ती उठून जाणार नव्हती. तिने घड्याळ पाहून दुसरी गोळी काढून बशीत ठेवली. टीव्हीवर प्रश्नमंजूषा लागली होती. कुणीतरी चुकीचं उत्तर दिलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. बेरिलने आवाज थोडा वाढवला, खुर्ची टीव्हीकडे वळवली आणि विणायला घेतलं.